तूर स्थिर

१२ नोव्हेंबर, बुधवार. पिंगळी.
पुस्तकाची प्रुफं आली. आयुष्यभर पेपरात बाजारभाव दिले, अर्थकारणावर लिहिलं; त्यातले साठ लेख. मलपृष्ठावर प्रकाशकानं वाक्य घातलंय : 'ज्यांच्या भावावर जिल्ह्याचा भरवसा होता.' बरं वाटलं, खोटं कशाला बोला. सुमतीला वाचून दाखवलं तर म्हणे, "घरच्या भाजीचा भाव तेवढा कधी ठाऊक नव्हता." परीक्षण लिहायचं काम बायकोकडे कधी देऊ नये.
पहिला लेख अर्थात अर्थसंकल्पावरचा. त्यानंच नाव झालं. बक्षीस, सत्कार, शाल. शाल अजून आहे, कसर लागलेली.

१४ नोव्हें., शुक्रवार
दुपारी झरीहून एक बाई आल्या. कुसुमबाई. पन्नाशीच्या असतील. पुस्तकाची बातमी वाचून पत्ता काढला म्हणाल्या. वडील वारले, त्यांच्या पेटीत कात्रण निघालं. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून आणलं होतं.
'सेलू मोंढा : तूर स्थिर.' खाली भाव. माझीच बातमी.
"दादानं लय जपलं व्हतं. गावातला व्यापारी कमी भाव सांगायलाला. दादानं ह्यो कागद त्याच्या म्होरं धरला. म्हनला, पेपरात छापून आलंय, इतकाच घेईन. व्यापारी लगीच कबूल झाला बघा! दादा मरंपर्यंत सांगायचा, मी पेपराच्या भावानं तूर इकली."
मग सहज बोलल्यासारखं, "त्या साली पैसं थोडक्यात कमी पडलं. दसऱ्यानंतर समदे ऊसतोडीला गेलो. माजी सातवी तितंच सुटली."
कात्रण पुस्तकात छापा म्हणाल्या. वडिलांच्या नावानं. मी हो म्हणालो.
त्या गेल्यावर कात्रण उलटून पाहिलं. मागे माझा अर्थसंकल्पाचा लेख. अर्धा कापलेला. म्हणजे तोच दिवस.

१५ नोव्हें., शनिवार
लिहून टाकतो. इतकी वर्षं कुठंच लिहिलं नाही, सुमतीलाही सांगितलं नाही.
तेव्हा मी रोज पॅसेंजरनं सेलूच्या मोंढ्यात जायचो. धान्याचा लिलाव बघायचा, माल मोजणाऱ्या चाँदभाई मापाड्याकडून भाव पक्का करायचा, मग फोनवर बातमी. सेलूचा भाव छापणारा आमचा एकच पेपर. अर्थसंकल्पाच्या दिवशी गेलो नाही. सकाळपासून जुने आकडे मांडून बसलो, संध्याकाळी रेडिओला कान लावून. दिल्लीची तूट, दिल्लीचं कर्ज. भावाच्या बातमीत आदल्या दिवशीचाच आकडा दिला आणि पुढे लिहिलं 'स्थिर'. सगळे करायचे तसं. एखादा दिवस चुकला की स्थिर. कोण विचारतंय.
दुसऱ्या दिवशी चाँदभाईनं मोंढ्याच्या दारातच धरलं. "कल कां थे साब? तूर का भाव कैसा चढ्या!"
गाडी चुकली म्हणालो. किती चढला ते विचारलंच नाही. विचारलं असतं तर मलाच कळलं असतं की मी किती खोटं छापलंय. नवा भाव घेतला आणि परतीची गाडी पकडली.
व्यापारी लगीच कबूल झाला, म्हणाल्या कुसुमबाई. होणारच की. त्याला सेलूहून भाव चढल्याचा निरोप आलेला असणार.

१६ नोव्हें., रविवार
काही नाही. प्रुफांना हात लावला नाही. जेवणही…

१९ नोव्हें., बुधवार
झरीला जाऊन आलो. कुसुमबाईंनी चहा ठेवला. शेजारणीला हाक मारली, "पेपरवाले आल्यात बघ." तिच्यासमोर कसं बोलणार? ती जाईपर्यंत थांबलो. मग सांगितलं, सगळं. दिल्लीच्या अर्थसंकल्पाचंही.
त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.
"म्हंजी दादा फसला व्हय?"
"हो. माझ्यामुळं."
"त्येला कवा कळलं न्हाई."
"नाही."
"बरं झालं." पदरानं कप पुसला, पुन्हा पुसला. कोरडाच होता.
मी म्हणालो, कात्रण परत घ्या, मी छापत नाही. तशा एकदम चढ्या आवाजात बोलल्या. "न्हाई कसं? छापाच. खाली खरा भाव बी लिवा. माजी शाळा कितीला गेली ते मला तरी कळू द्या."
येताना बसमध्येच ठरवलं, उद्या सेलू.

२० नोव्हें., गुरुवार
सेलू. मोंढ्यात विचारलं. इतकी जुनी दप्तरं कोण ठेवतं? म्हणाले, पेपरात बघा की, तेव्हा रोज यायचं. मी बाहेर पडलो.
चाँदभाई खाटेवरच असतो आता, पण ओळखलं. "आओ साब, आज गाडी मिली?" म्हणत हसला. दिवस आठवतो त्याला. काटा कुणाचा होता, पहिली रास कुणाची होती, सगळं. आकडा मात्र नाही. डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजत राहिला. "चढ्या था, इत्ता याद है. आगे याद नै आता साब. उसी वखत पूछना था."
उसी वखत.

२३ नोव्हें., रविवार
मलपृष्ठावरचं वाक्य खोडलं. प्रकाशक वैतागला. "आता? छपाईला जायचंय!" अर्थसंकल्पाच्या लेखासमोरच्या पानावर ते कात्रण लावायला सांगितलं. त्याखाली माझ्या हातानं लिहिलं : 'ही बातमी खोटी आहे. त्या दिवशी मी मोंढ्यात नव्हतो. खरा भाव' आणि पुढे मोकळी जागा.
अंदाजानं आकडा टाकता आला असता. आदल्या आणि नंतरच्या दिवसाचे दोन्ही भाव माझ्याकडे आहेत. पेनही उचललं होतं. पण अंदाजानं लिहिणं एकदा झालंय.
प्रकाशक विचारतोय, जागा चुकून राहिली का? उद्या सांगतो म्हणालो.
संध्याकाळी कुसुमबाईंचा फोन.
"गावला का भाव?"
"नाही. आता कुणालाच ठाऊक नाही बहुतेक."
पलीकडे शेळी ओरडत होती.
"असू द्या," म्हणाल्या. "जागा तेवडी ठिवा."