दोघांचं इंजिन

२ फेब्रु., सोम.
संपादकांचा फोन. पुरवणीला ‘डिझेल ते सोलर’ लेख, गुरुवारपर्यंत. निवृत्त झालो तरी डेडलाइन सुटत नाही. विषय सोपा. आमच्याच विहिरीवर तिन्ही जमाने झाले: डिझेल इंजिन, मग लाइटची मोटार, आता दोन सोलर. एक माझा, एक थोरल्या भावाचा, अण्णांचा.

३ फेब्रु.
इंजिनाचा परिच्छेद लांबतोय. हँडल मी मारायचो. वेग आला की अण्णा वरची कळ पाडायचे, तेव्हा इंजिन धरायचं. थोरले, त्यामुळं शिव्याही त्यांच्याच. “जेवलास का न्हाय? लाव जोर!” वाटणीनंतर दोन वर्षं अबोला होता. पण पिकाला पाणी द्यायचं तर दोघं लागायचेच.
मोटारीला बटण आलं. तरी फ्यूज गेला की अण्णांची हाक यायची. सोलरला तेही नाही. ऊन पडलं, पाणी आलं.
शेवटचं बोलणं दसऱ्याला, आपट्याचं पान देताना. भांडण नाही काही. नुसतं...

४ फेब्रु.
भंगारवाला दारात. “काका, अण्णांनी इंजिन न्यायला सांगितलंय. अर्धा हिस्सा तुमचा, म्हणून इचारायला आलो. ते चाल्ले न्हवं पुण्याला, पोराकडं. शेत बटईनं दिलंय कसायला, अर्ध्या वाट्यावर.”
ठाऊक असल्यागत मान हलवली. बातमीदारीत जन्म गेला आणि ही बातमी भंगारवाल्याकडून.

५ फेब्रु.
लेख पाठवला. ‘सोलरमुळे शेतकरी कुणावर अवलंबून राहिला नाही.’ हे वाक्य खोडलं, परत लिहिलं. खोटं नाही ते.

६ फेब्रु.
विहिरीवर गेलो. अण्णा इंजिन पुसत होते.
“पुण्याचं मला सांगितलं न्हाय तुम्ही.”
“तू कवा आलास इकडं?”
मी वाकून चाकाला हात लावला.
“आता आलायस तर हँडल मार. एकदा आवाज ऐकू दे.”
बाटलीत डिझेल आणूनच ठेवलं होतं त्यांनी.
चाक फिरलं, कळ उशिरा पडली. त्यांचा हात थरथरतो. कधीपासून, ते माहीत नाही मला. पुन्हा मारलं. नुसता धूर.
“जेवलास का न्हाय?”
दोघंही हसलो, धापा टाकत.
टेम्पो येऊन उभा. अण्णा भंगारवाल्याला म्हणाले, “आज न्हाय. उद्या बघू.”
पुण्याला कधी निघणार, विचारलं नाही.