पालवीची अंत्ययात्रा

प्रिय आत्या,

तुला सप्तांग नमस्कार. साष्टांग घालायची फार इच्छा होती, पण आठवं अंग (डावा पाय, गुडघ्याखालचा सगळा) प्लास्टरमध्ये आहे आणि उशांच्या ढिगावर एखाद्या मानाच्या पाहुण्यासारखा बसवून ठेवलाय, तेव्हा तेवढं सांभाळून घे. तुझी दाढ कशी आहे? काढलीस, की अजून ‘बघू’ चाललंय? रक्तदाबाच्या गोळ्या आपल्याच घेतेस ना? (मागे तू शेजारच्या बाईंना सोबत म्हणून त्यांच्या गोळ्या घेतल्यास, असं आई सांगत होती. आई सांगते त्यातलं निम्मं मी सोडून देते, पण उरलेलं निम्मंही पुष्कळ असतं.) इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आता खरं काय ते लिहिते.

आईने तुला ‘पोरगी नाचताना पडली’ एवढंच कळवलं असणार. आत्या, मी नुसती पडले नाही. भरल्या सभागृहात माझी अंत्ययात्रा निघाली. लोक उभे राहिले. बायकांनी डोळे पुसले. आणि त्यात माझी सख्खी आई होती.

पण आधी ही माणसं कोण, ते सांगायला हवं. सांस्कृतिक भवनाच्या व्यवस्थापकांनी मला नागरिकांचा आधुनिक नृत्यसमूह उभा करायला बोलावलं, तेव्हा मी हुरळून गेले. (तू विचारलं होतंस, ‘त्यात गाणं नाही, दागिने नाहीत, मग लोक बघतात काय?’ त्याचं उत्तर मी अजून शोधते आहे.) माझं म्हणणं असं, की माणूस जन्मभर जे काम करतो ते त्याच्या अंगात मुरतं, आणि ते मुरलेलं अलगद बाहेर काढलं की झाला नाच. हे मी माहितीपत्रकातही घातलं आणि खाली लिहिलं, ‘विविध पार्श्वभूमींचे नर्तक’. छापखान्याने छापलं, ‘विविध पार्श्वभागांचे नर्तक’. पत्रकं गावभर वाटून झाल्यावर हे लक्षात आलं. व्यवस्थापक म्हणाले, ‘खोटं तर नाही ना? मग राहू द्या.’ पहिल्या दिवशी जी झुंबड उडाली ती त्या चुकीमुळे, आणि दुसऱ्या दिवशी ओसरली तीही त्याच चुकीमुळे. मागे उरले ते हे माझे कलावंत.

तालमीची जागा म्हणजे पोहण्याच्या तलावावरचा हॉल. औषध टाकलेल्या पाण्याचा वास चोवीस तास, भिंतीला टेकवलेलं टेबलटेनिसचं टेबल, आणि आरसा असा, की त्यात सगळे कमरेपासून खालीच दिसतात. (माहितीपत्रक म्हणूनच खरं ठरलं.) खाली पोहायला शिकवणारे ओरडतात, ‘पाय मारा, पाय मारा!’ आणि वर आमच्यातले दोघंतिघं मारायला लागतात.

पहिल्याच बैठकीत मी प्रत्येकाला म्हटलं, तुमचं काम अंगाने करून दाखवा. फुटबॉलचे निवृत्त पंच उठले. त्यांना आम्ही रेफरीच म्हणतो. ते उलटे धावतात. उलटं धावण्यात ह्या माणसाचा हात धरणारा कुणी नाही, पण दोन माणसं एकमेकांच्या अंगाला लागली रे लागली की शिट्टी. आत्या, आमच्या नाचात माणसं एकमेकांच्या अंगावर रेलतात, लोळतात, चढतात. ह्यांना तो सगळाच फाऊल. मी शिट्टी काढून घेतली, तर तोंडाने वाजवायला लागले. मग एकदा चिडून विचारलं, ‘तुम्ही आलात तरी कशाला?’ तर खाली बघून म्हणाले, ‘मॅडम, जन्मभर खेळाच्या मधोमध पळालो. पण चेंडू कधी माझ्याकडे आलाच नाही.’ मी शिट्टी परत दिली.

दुसरे काचवाले. त्यांचं काचांचं दुकान आहे. हे माणसाला उचलतात ते सरळ उभं उचलतात, दोन तळव्यांमध्ये, स्वतःची मान बाजूला काढून, आणि बारीक पावलं टाकत नेतात. ठेवताना आधी पायाखाली फडकं सरकवतात. उचललेल्या बाईला वाटतं, आपण खिडकी आहोत. तिसऱ्या डॉक्टरीणबाई, ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या. त्यांचा आवाज इतका मऊ, की त्यांनी ताल मोजायला सुरुवात केली की समोरचे जांभया देतात. त्या एकदा म्हणाल्या, ‘माझा चेहरा बघता बघता लोक झोपतात, आणि उठतात तेव्हा मी दुसरीकडे असते. मला एकदा जाग्या माणसांसमोर उभं राहायचंय.’ चौथे काका. काका शववाहिनी चालवतात. त्यांनी काहीच करून दाखवलं नाही, नुसते ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. पण असे चालले, की रेफरींची शिट्टी आपोआप खिशात गेली आणि बाकीचे न सांगता त्यांच्यामागे ओळीने निघाले. मी विचारलं, ‘काका, इतकं हळू का?’ म्हणाले, ‘मागे घरची माणसं बसलेली असतात. गाडीला धक्का बसला, तर त्यांना वाटतं त्यालाच लागलं.’

मला रडू आलं. म्हटलं, झाला नाच! (तुझ्या भाचीला लवकर रडू येतं आणि अक्कल उशिरा, हे तू माझ्या बारशापासून ओळखून आहेस.) कारण नाच मी बसवला होता वसंताचा. नाव ‘पालवी’. सुरुवातीला जमिनीवर पांढरी चादर, म्हणजे थंडी. मग चादर सरते, कोंब येतात, पानं फुटतात, सगळीकडे आनंदीआनंद. आता तूच सांग, काका पुढे चालायला लागले की कसली पानं फुटतात? कोंब मान खाली घालून उभे राहायचे.

सगळा भरवसा होता तो एकीवर. ती लहानपणापासून रीतसर बॅले शिकलेली, मान लांब आणि नाक वर, म्हणून सगळे तिला राजहंस म्हणायचे. शेवटची उडी तिची. हिरव्या कपड्यात ती चादरीतून वर झेपावते आणि दिवे उजळतात, असं होतं. प्रयोगाच्या दिवशी दुपारी ती तालमीला उशिरा आली. रेफरींनी वरच्या खिशातून लाल कार्ड काढलं आणि तिच्या नाकासमोर धरलं.

‘हे काय आहे?’ राजहंस म्हणाली.

‘बाहेर,’ रेफरी म्हणाले.

ती खरंच गेली, आत्या. मी अनवाणी रस्त्यापर्यंत मागे धावले, हात जोडले. ती म्हणाली, ‘तुमच्याकडे नाचणारी मी एकटीच होते. बाकीचे कामावर आलेत.’ आणि रिक्षात बसली. रेफरींना विचारलं, तर म्हणाले, ‘नियम सगळ्यांना सारखे.’ मग तासभर कपड्यांच्या खोलीत बसून होते, हातात ते कार्ड घेऊन.

आता उडी कोण मारणार? व्यवस्थापक माझ्याकडे बघायला लागले. माझा उजवा गुडघा कसा आहे तुला माहीत आहे. त्या गुडघ्यापायीच मी नाचणं सोडून शिकवणं धरलं. पण तिकिटं गेली होती, आई पहिल्या रांगेत येऊन बसली होती, आणि मला वाटलं, एकच तर उडी आहे. उजवा गुडघा जपायचा म्हणून सगळा भार डाव्यावर घेतला. डावा बिचारा निर्धास्त होता, त्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी चादरीतून झेपावले, दिवे उजळले, आणि घोट्यातून असा आवाज आला, की शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मी धाडकन खाली.

पुढे जे झालं, त्यात कुणाची चूक नाही. प्रत्येकाने आपापल्या अंगात मुरलेलंच केलं (माझाच सिद्धान्त). डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या, ‘घाबरू नका. दहापासून उलटं मोजा.’ मी मोठ्याने मोजायला लागले. सहापर्यंत आले आणि कळ अशी आली, की वाचाच बसली. लोकांच्या डोळ्यांदेखत पालवी मोजता मोजता संपली होती. तेवढ्यात रेफरींनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि शिट्टी वाजवली, एक लांबलचक. खेळ खलास. काचवाल्यांनी मला त्याच पांढऱ्या चादरीत हनुवटीपर्यंत गुंडाळलं, ‘कडा सांभाळा!’ म्हणाले आणि चौघांच्या खांद्यांवर आडवं चढवलं. आणि काका सर्वांच्या पुढे जाऊन उभे राहिले.

विंगेतून बाहेर पडायचं दार व्यवस्थापकांनी फुकटे शिरू नयेत म्हणून बाहेरून बंद केलं होतं. मग राहिला एकच रस्ता: पायऱ्या उतरून, प्रेक्षकांच्या मधून. काका चालायला लागले. ध्वनिफितीवर पक्षी किलबिलत होते, ते कुणी बंदच केले नाहीत. पहिल्यांदा एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उभे राहिले. मग त्यांची रांग, मग सगळं सभागृह. एकही टाळी नाही, आत्या. अशा वेळी टाळ्या कोण वाजवतं? एक बाई शेजारणीला हळूच विचारत होत्या, ‘फार दिवस आजारी होत्या का?’ मी आईकडे बघितलं. आई उभी! मान खाली! नंतर मी जाब विचारला, तर म्हणते, ‘सगळे उभे राहिल्यावर मी एकटीच बसून कशी राहू? बरं दिसलं असतं का?’

एक गोष्ट मात्र तुला सांगते, आईला सांगू नकोस. माझा उजवा गुडघा गेला तेव्हा मी मोठ्या नृत्यकंपनीत होते. तेव्हा पटकन पडदा पाडला, बदली मुलगी माझ्या अंगावरून उडी मारून गेली, आणि मी रांगत रांगत विंगेत पोचले. कुणी वळूनही बघितलं नाही. परवा चौघांच्या खांद्यावर छताकडे बघत जाताना घोटा ठणकत होता, लाज वाटत होती, पण एकही धक्का बसला नाही. मी खूप रडले. लोकांना वाटलं, प्रेताच्या डोळ्यांत पाणी आणलंय, काय अभिनय आहे!

असो. ‘पालवी’ संपली आणि मीही संपले. वसंताचा नाच बघून लोक सुतकी चेहऱ्याने घरी गेले, ह्याहून मोठी हार कुठली असेल? भवनाच्या दाराशी कुणीतरी फुलं ठेवून गेलं. डॉक्टर म्हणतात, नाच विसरा. मी राजीनामा लिहिला आहे आणि पुन्हा कुणाच्या अंगातलं काहीही बाहेर काढणार नाही. ज्याचं त्याच्या अंगात राहू दे. तब्येतीला जप, दाढ काढून घे.

तुझी,
अर्धीमुर्धी भाची

ता. क. राजीनामा घेऊन काचवाल्यांना भवनात पाठवलं होतं. ते तो न देताच परत आले. म्हणाले, वाटेत काका भेटले, ते म्हणाले, घाई कशाला?

ता. क. दुसरा. आता खरं काम. व्यवस्थापकांकडे लोक रोज येऊन विचारताहेत, ‘तो बाई जाते तो नाच पुन्हा कधी?’ पुढच्या महिन्यात प्रयोग ठरवून टाकलाय. रेफरी स्वतः जाऊन राजहंसाची माफी मागून आले. ती उडी मारायला तयार आहे, पण मरायला तयार नाही. मला तर उठताही येत नाही. आत्या, तू येशील का? तुला नाचायचं नाही, नुसतं जायचंय. तूच म्हणत असतेस ना, ‘माझ्यामागे कोण रडणार आहे? चार माणसं जमली तरी खूप’? इथे भरलेलं सभागृह उभं राहतं, आणि तेही तुला बघायला मिळेल अशा वेळी.

ता. क. तिसरा. वजन उलट टपाली कळव, काचवाले विचारताहेत. काका मागे वळून बघत नाहीत, तेव्हा काही हवं असलं तर आधीच सांगून ठेव. आणि एक लक्षात असू दे: खांद्यावर घेतल्यावर डोळे उघडू नकोस. मी उघडले, आणि इतकी माणसं आपल्यासाठी उभी आहेत हे बघितल्यावर, दारापर्यंत मेलेलं राहणं फार अवघड गेलं.