पन्नास किलो आणि दोन मुद्दे

४ जुलै १९९४
वजन चव्वेचाळीस. सर्जननं हर्नियाला हात लावायला साफ नकार दिला. "पहले पचास किलो. बॉडी वीक है." वर म्हणे, "डेली दो मुद्दे. दो हफ्ते बाद देखेंगे." कानडी माणूस, हिंदी मोडकीतोडकी, पण समजलं.
ऑपरेशन होईपर्यंत संजय मला कराडला एकटं जाऊ देणार नाही. मे महिन्यात उचलून बंगळूरला आणलंय चिरंजीवांनी. म्हणजे पन्नास किलो भरल्याशिवाय स्वतःच्या घराचं कुलूप उघडायचं नाही!

५ जुलै
नवी वही. तब्येतीचे रोज दोन मुद्दे.
मु. १ : भूक नाही.
मु. २ : पत्नी कुमुद वारल्यापासून चहा-बिस्किटं. एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा.
(एकच ताट वाढून घेताना रडू यायचं. हे डॉक्टरला कशाला?)

९ जुलै
बत्तीस वर्षं साखर कारखान्याचा बॉयलर सांभाळला. जळण मला कळत नाही की काय! तूप सगळ्यात कडक जळण, साखरेच्या दुपटीहून जास्त आच. सूनबाईला सांगून टाकलं, "मनीषा, पोळीवर तूप, तुपावर गूळ. वरण-बिरण नको, जड पडतं."
"थोडं तरी घ्या ना, बाबा."
"बॉयलरमध्ये वरण ओततात का?"
तुपाची बरणी पुढ्यात ठेवून गेली.

१८ जुलै
साडेपंचेचाळीस! ऐटीत वही डॉक्टरपुढे ठेवली. अठ्ठावीस मुद्दे, शाईनं, समास सोडून.
"ये क्या है?"
"मुद्दे."
मनीषानं तोंडाला पदर लावला. डॉक्टर हसला, बाहेरची नर्ससुद्धा हसली. मुद्दे म्हणजे इकडचे नाचणीच्या उकडीचे गोळे! सारात बुडवून खातात. खायचे होते, लिहायचे नव्हते. अब्रूचं खोबरं.
हसून झाल्यावर त्यानं माझा दंड चिमटीत धरला. "फॅट आया. मसल नहीं आया. ऐसा नहीं चलेगा." ऑपरेशन लांबलं.
रिक्षात मनीषा म्हणाली, "बाबा, बॉयलरची नळी गळायला लागली की जास्त कोळसा घालायचात का?"
नळी बदलावी लागते, हे शेंबडं पोरही सांगेल. शरीराला जळणही हवं अन् रोज डागडुजीचं सामानही. वरण, दूध, कडधान्यं म्हणजे ते सामान. बत्तीस वर्षं बॉयलरवर घालवली अन् हे मला सुनेनं सांगावं!

२० जुलै
शेजारच्या जयक्का नाचणीचं पीठ घेऊन आल्या, माहेरचं, आनेकलचं. स्वतःच मुद्दे करून वाढला. मी चावायला गेलो. कवळी गोळ्यात रुतून बाहेर!
"अय्यो! चबाना नहीं अंकल, निगलना!"
घास बत्तीस वेळा चावावा, असं आईनं शिकवलेलं. इथं सगळं उलटं. दोन घोट पाणी पिऊन गिळला एकदाचा. अर्धा गोळा राहिला.

४ ऑगस्ट
मनीषाच्या उकडीत रोज गुठळ्या. आज राहवेना. म्हटलं, "जाळ माझ्याकडे दे. तू फक्त घोट." गॅसची कळ मी धरली. आधी मोठा, पीठ पडल्यावर बारीक, मग वाफेला अगदी मंद. एक गुठळी निघेल तर शपथ! जयक्कांनी गोळा बोटानं दाबून बघितला. "सरी!" पसंतीची पावती मिळाली.
सोबत मोडाच्या मुगाचं सार. पूर्ण गोळा संपवला. वजन सत्तेचाळीस. सूनबाईचं डोकं सुपीक आहे, तोंडावर सांगितलं नाही.

३० ऑगस्ट
साडेअठ्ठेचाळीस. दंडात जीव आलाय, डॉक्टरनं मान डोलावली.
आज अकरालाच भूक लागली. खरी, पोटात आग पडणारी भूक. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, "झालं का गं?" अन् तिथंच थांबलो. वर्षभरात हे कुणाला विचारलंच नव्हतं. मनीषानं वळून बघितलं, ताट घेतलं. फार बरं वाटलं.

२६ सप्टेंबर
पन्नास किलो दोनशे ग्रॅम!!
डॉक्टर म्हणाला चपला काढा. काढल्या. काटा बरोब्बर पन्नासवर. जिंकलो! तारीख मिळाली, १२ ऑक्टोबर. येताना जयक्कांसाठी म्हैसूरपाक घेतला. त्या म्हणाल्या, "स्वल्प आप भी खाओ." स्वल्प कसला, तीन तुकडे हाणले.

१० ऑक्टोबर
बॅग भरली. परवा ऑपरेशन. भीती अशी नाही.
संजय ऑफिसातून आल्या आल्या म्हणाला, "बाबा, शब्द म्हणजे शब्द. दिवाळी झाली की कराडचं तिकीट काढतो." याच्यासाठीच तर सगळा खटाटोप. छान म्हणालो. अन् भरलेली बॅग उगाच पुन्हा भरत बसलो.
जेवणानंतर मनीषा दिवाळीनंतरच्या किराण्याची यादी करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, नाचणी किती लिहू? दोघांपुरती की तिघांपुरती?"
संजयनं पेपरातून डोकं वर काढलं.
म्हटलं, "नुसतं नाचणी लिहून ठेव. आकड्याची जागा सोड."