आभार मानल्याचा खुलासा

मुलींचं वसतिगृह, औरंगाबाद
रविवार

तीर्थरूप आप्पामामांना आणि मामींना वत्सलाचा वाकून नमस्कार.

डोळ्याची पट्टी अजून आठवडाभर ठेवायची आहे असं आईकडून कळलं. डॉक्टरांनी वाकायचं नाही आणि चिडायचं नाही असं सांगितलंय म्हणे. वाकायचा प्रश्न नाही (तुम्ही सूतगिरणीचे चेअरमन आहात), पण न चिडण्याचं पथ्य या पत्रापुरतं तरी सांभाळा. पत्र मामी वाचून दाखवणार हे धरूनच लिहिते आहे. मामी, कंसातला मजकूर तेवढा मनातल्या मनात वाचा.

तुमचं कौतुकाचं पत्र मिळालं. पेपरात माझा फोटो आणि खाली ‘सूतगिरणीस मदत : पदवीधर कन्येने मानले आभार’ अशी ओळ. ती ऐकून तुम्ही खूश झालात आणि मदत आली की मला गिरणीत जनसंपर्क अधिकारी नेमायचं ठरवलंत. बाबांनी देवगावात पेढे वाटले. म्हणून खुलासा करणं भाग आहे. मामा, मी आभार मानायला गेलेच नव्हते. मी विरोध करायला गेले होते.

मी बी.ए. झाले तेव्हा तुम्ही साडीऐवजी गिरणीचा एक शेअर माझ्या नावावर घेऊन दिलात. म्हणालात, “वत्से, साडी फाटती. शेअर ऱ्हातो.” राहिला खरा. त्या दिवसापासून मी गिरणीकडे मालकिणीच्या नजरेनं बघते. पहिल्या सरकारी मदतीत कमान झाली आणि तुमची केबिन झाली. दुसऱ्या मदतीत संचालक मंडळ गिरण्यांचा अभ्यास करायला कोइमतूरला गेलं (आणि तिरुपतीमार्गे डोकी भादरून आलं). यंत्रं अजून खोक्यांतच आहेत. कामगारांची पाळी सुटल्यासारखं फाटकातून सकाळ-संध्याकाळ कुणी आत-बाहेर करत असेल तर ती मल्हारी वॉचमनची मेंढरं. मी त्याला विचारलं होतं, गिरणीतून काही निघतं का? तो म्हणाला, “निघती की ताई. लोकर.” असं असताना गिरणीनं तिसऱ्यांदा मदत मागितल्याचं मी वाचलं, आणि त्याच आठवड्यात आपल्या देवगावच्या शाळेच्या छपराचं काम निधी नाही म्हणून पुढच्या अधिवेशनावर ढकललं गेलं. पोरं लिंबाखाली बसतात. सावली सरकली की वर्ग सरकतो. मग मला राहवेना. विरोधाचं निवेदन लिहिलं, एकटीनं सही केली आणि समिती उतरणार होती त्या इथल्या विश्रामगृहाकडे निघाले.

मदत द्यावी की नाही हे ठरवायला आलेली विधिमंडळाची समिती ही काटकसर समिती होती. पुढची मोटार विश्रामगृहात शिरली तेव्हा मागची अजून स्टेशनाशीच होती. काही मोटारींत नुसती साहेबांची मंडळी होती, ती परस्पर वेरूळला गेली (एका दगडात एवढं देऊळ कसं भागवलं हे पाहायला असेल) आणि येताना हिमरूच्या शाली घेऊन आली. गिरणी पाहायची तेवढी राहून गेली, कारण ऊन फार होतं.

फाटकावरच्या शिपायानं मला अडवलं. “निवेदनवाले मागच्या दारानं. हारवाले इकडून.” मागचं दार बंद होतं. तेव्हा बाहेर फकिराच्या गाडीवरून हार घेतला. तो म्हणाला, “न्या बिनधास्त. हार फिरून आला की निम्मे पैसे वापस.” तिथं पद्धतच आहे. हार गळ्यातून टेबलावर, टेबलावरून मागच्या खिडकीत आणि खिडकीतून पुन्हा फकिराकडे. माझ्या हारातल्या शेवंतीला सकाळपासून बऱ्याच मोठ्या माणसांचा सहवास घडलेला दिसत होता. (सरकारचा पैसा असा फिरून परत आला असता तर मी विरोधच केला नसता.)

आत कार्यक्रम सांगणारे रामकिसन भाऊसाहेब घामाघूम होऊन आभाराच्या मॅडमना शोधत होते. मॅडम आल्याच नव्हत्या. माझ्या एका हातात हार आणि दुसऱ्यात लिहिलेला कागद पाहून ते म्हणाले, “ताई, शिकलेल्या दिसता. आभार माना ना. कुणाचं नाव सुटू देऊ नका तेवढं. मागच्या टायमाला कडूबा मंडपवाल्याचं सुटलं, त्यानं माणसं बसलेली असताना खुर्च्या उचलल्या.” माझ्या मनात आलं, निवेदन वाचायला अनायासे माईक मिळतोय. हो म्हटलं.

मामा, मी एकही वाक्य गिळलं नाही. काटकसर शिकवायला एवढ्या मोटारी घेऊन आल्याबद्दल मी समितीचे आभार मानले. गिरणी न पाहता तिची नाडी ओळखल्याबद्दल मानले. मूळ दुखणं तसंच ठेवून रोग्याला नवी कमान देण्याची शासनाची तयारी आहे, तिच्याबद्दल मानले. शाळेच्या छपराचे पैसे वाचवून ते बंद गिरणीवर घालणार असल्याबद्दल देवगावच्या पोरांच्या वतीनं तर दोनदा मानले. पण एक गोष्ट मी साफ विसरले होते. आभार हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे माणूस उठतो. पलीकडे नान-खलियाच्या डेगेचं झाकण निघालं होतं आणि शाकाहारी लोकांसाठी आमरस होता. भाषण संपलं तेव्हा हात धुणाऱ्यांनी ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. समितीचे अध्यक्षसाहेब माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “छान बोललीस बाळ. जरा आटोपशीर हवं होतं.” समितीनं दिवसभरात सुचवलेली काटकसर ती तेवढीच.

शेवटपर्यंत ऐकलं ते फक्त एका माणसानं. खांबाला टेकून उभा होता. जवळ येऊन म्हणाला, “ताई, समदं कान देऊन ऐकलं. माझं नाव कुठं हाय?” तो कडूबा होता.

आता समितीनं मदतीची शिफारस केली आहे आणि तिला सुशिक्षित सभासदांचाही पाठिंबा असल्याचं तीत म्हटलंय. सुशिक्षित सभासद म्हणजे मी. मामा, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. मी विरोधाला गेले आणि माझ्याच तोंडानं मदत मंजूर व्हायला आली. ती आता फक्त चेअरमन म्हणून तुमच्या सहीवर अडली आहे. सही करू नका. खोक्यांतली यंत्रं ज्या गिरणीला खरंच चालवायची आहेत तिला विका, आणि आपली बंद आहे ती बंद आहे असं एकदा मोठ्यानं म्हणा. नोकरी देऊ केलीत त्याबद्दल आभार (हे खरे आहेत). पण त्या पगारात शाळेचं छप्पर असेल, माझ्यानं घेववणार नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पेढे परत मागता येत नाहीत, एवढंच आईजवळ म्हणाले.

पट्टी ओली होऊ देऊ नका. मामींनीही उन्हातान्हात फिरू नये.

तुमची भाची,
वत्सला

ता. क. मामी, कंसातलंही वाचून दाखवा. तुम्हाला हसू आलं की ते विचारणारच.

ता. क. २. मामा, मदतीवर सही करायचीच असं तुम्ही ठरवलं असेल, तर श्रावणात गिरणीची निवडणूक आहे. एका शेअरची का होईना, मी सभासद आहे. सोबत माझा उमेदवारी अर्ज जोडला आहे. सूचक म्हणून तुम्ही आणि अनुमोदक म्हणून मामी (सगळं घर सभासद करून ठेवलंत ते बरं झालं). पट्टी निघायची वाट पाहू नका. सही कुठं करायची तिथं मामी बोट धरून ठेवतील.

ता. क. ३. मी निवडून आले तर त्या सभेचं आभारप्रदर्शन तुमच्याकडे. आभार संपल्याशिवाय डेगेचं झाकण काढायचं नाही असं आचाऱ्याला आत्ताच सांगून ठेवते. कडूबाचं नाव मात्र सुटू देऊ नका. तो मत देणार नाही, सभासद नाही, पण ऐकायला नक्की येईल.