तिसऱ्या चौकटीतली खूण

कार्डिफ, १२ जानेवारी १९९२

चि. सौ. सुलूस अ. उ. आ.

मागच्या रविवारच्या कार्यक्रमाची कॅसेट सोबत पाठवते आहे. आमचं चिमुकलं रेडिओ केंद्र रीडिंगपर्यंत पोचत नाही, म्हणून ही सोय. या वेळी आईची अंगाई म्हटली आहे.

केंद्र लोकांच्या वर्गणीवर चालतं, हे तुला ठाऊक आहेच. आता कमिटी म्हणते, मार्चअखेरपर्यंत मराठीचे चाळीस सभासद दाखवा, नाहीतर तुमचा अर्धा तास बंद. अठ्ठावीस झालेत. हॉस्पिटलातल्या सगळ्या मराठी डॉक्टरांना मी घरी जाऊन भंडावून सोडलं आहे. तुझा फॉर्म जोडला आहे. पेन्शनर, विद्यार्थी आणि अपंग यांना अर्धा दर आहे, तशा तीन चौकटी आहेत. तू कशातच बसत नाहीस, तेव्हा मुकाट्याने पूर्ण भर.

फोन केला की दोन वाक्यांत तो शशिधररावांच्या हाती देतेस. बहिणीचा इतका कंटाळा?

आठवण ठेवत जा.
तुझी सुहासताई


रीडिंग, २० जानेवारी

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

कॅसेट मिळाली. हे ऑफिसला गेल्यावर एकटीने दोनदा ऐकली. काय तुझे उच्चार! शाळेत सिस्टर आग्नेस म्हणायच्या तसे, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारे. अंगाईला तर डोळ्यांत पाणी आलं.

फोन मला मुळी आवडतच नाही. पत्र उशीखाली ठेवता येतं, फोन ठेवता येतो का?

मीनल युनिव्हर्सिटीतून शनिवार-रविवार घरी येते आणि टीव्हीच्या आवाजावरून माझ्याशी भांडते. तरुण मुलींना मोठा आवाज खपत नाही, हे नवलच. फॉर्म सवडीने भरते.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.
सुलू


कार्डिफ, २७ जानेवारी

चि. सौ. सुलूस आशीर्वाद.

काल हे वेल्श शिकायला बसले. खाणींच्या गावांतून येणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटांशी चार शब्द बोलावेत, म्हणून निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना ही हौस. टेप लावली, तर माझीच अंगाई सुरू झाली! म्हणजे तुला मी वेल्शचा पाचवा धडा पाठवला होता. तो तू दोनदा ऐकलास आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं!

हे पोट धरून हसले. म्हणाले, पाचव्या धड्याने मलाही रडू येतं. मला हसू आलं नाही. ऐकायला वेळ नव्हता तर तसं लिहायचं. परक्या बायका रविवारी कामं टाकून ऐकतात, आणि माझी पाठची बहीण खोटी स्तुती करते.

फॉर्म भरायची गरज नाही.
सुहासिनी


रीडिंग, ३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

फॉर्म भरून पाठवला आहे. तिसऱ्या चौकटीतली खूण बघ.

सवलत मला नको होती, उरलेले पैसे देणगीत घाल. पण सांगायचं कसं, ते दोन वर्षं सुचलं नाही. पत्रात खोटं लिहिता आलं, फॉर्मवर मात्र हात अडला. सिस्टर आग्नेसनी तेवढं पक्कं करून ठेवलं आहे.

डावा कान गेला, ताई. उजव्यात मशीन घालून भांड्यांचा खणखणाट कळतो, शब्द कळत नाहीत. तुला कळलं तर तू कॅसेट पाठवणं बंद करशील, याची भीती वाटली. कॅसेट लावते आणि टेपरेकॉर्डरच्या जाळीवर तळहात ठेवते. तुझं बोलणं हाताला लागतं. तो वेल्शचा मास्तर आहे, हे हाताला ओळखता आलं नाही. डोळ्यांत पाणी मात्र खरंच आलं होतं.

सभासदांतून काढू नकोस.
सुलू


कार्डिफ, ६ फेब्रुवारी

माझ्या सुलूस,

तुझा फॉर्म स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचला. दोन वर्षं मी फोनवर तुला घुमी म्हणत आले. आता मला कसं वाटत असेल, ते तूच समज.

कमिटीतल्या एकाने विचारलं, ऐकू न येणाऱ्या बाईंना रेडिओचं सभासदत्व कशाला? मी म्हटलं, चौकट तुमच्याच फॉर्मवर आहे.

आत एक बंद लिफाफा आहे. त्यात येत्या रविवारचा सगळा कार्यक्रम माझ्या हाताने लिहिला आहे; शेवट आता दर रविवारी आईच्या अंगाईनेच करणार आहे. आधी फोडशील तर खबरदार. बरोबर साडेदहाला उघड, मी तेव्हाच वाचायला लागेन. जिथे थांबते तिथे रेघा मारल्यात. घाईघाईने पुढे पळू नकोस, लहानपणीची खोड आहे तुझी.

शेवटच्या बाकावर बसलेल्या माझ्या बहिणीला गोड पापा.
ताई


रीडिंग, ३० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल आठवा लिफाफा फोडला. रेघांपाशी थांबते आहे, पळत नाही.

तुमचे एकोणचाळीस झाले आणि उद्या शेवटचा दिवस, हे वाचून जीव टांगणीला लागला होता. काल वाचून झालं आणि वर पाहते, तर मीनल जिन्यावर बसलेली. तिने चिठ्ठीवर लिहून दाखवलं की आई, तू हे मोठ्याने वाचतेस, तुला माहीत आहे का? मला काय माहीत! गेले चार रविवार ती तिथे बसून ऐकते आहे म्हणे, आणि आजीची अंगाई तिला आता पाठ येते.

तेव्हा आपलं केंद्र रीडिंगपर्यंत पोचतं, ताई. मी माझ्या फॉर्मची नक्कल ठेवली होती, तिच्यावरून मीनलनेच हाताने नवा फॉर्म उतरवला आणि सही केली. तो सोबत जोडून आत्ताच फर्स्ट क्लास टपालाने टाकते, उद्या सकाळी तुझ्या हाती पडेल.

खूण दुसऱ्या चौकटीत आहे.

तुझी सुलू