अठ्ठेचाळीस तासांचा नियम

३ मार्च, सोमवार
ऑफिसातल्या सहाही टीमना कामाच्या बोर्डाचं एकच टेम्प्लेट, म्हणजे साचा! आजपासून हे लोढणं माझ्या गळ्यात. दवाखान्यातल्या सलाइनच्या पंपाचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो, पण प्रत्येक टीमचा स्क्रीनवरचा कामांचा बोर्ड वेगळा, तऱ्हा वेगळी. कामाचं कार्ड 'करायचंय'मधून 'झालं'मध्ये कसं जातं, कुणालाच धड सांगता येत नाही. साहेब म्हणाले, "दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत काम, सगळ्यांना एक पद्धत, आणि मला कटकट नको."

कटकट म्हणजे मास्तर, आमचे टेस्टर. पंप टेबलावर मांडून, हातात घड्याळ धरून थेंब न् थेंब मोजतात. कार्डं त्यांच्याकडे आठवडा-आठवडा पडून!

५ मार्च
तोडगा सापडला! तपासणीच्या रकान्यात अठ्ठेचाळीस तास कुणी काही बोललं नाही, की कार्ड आपोआप मंजूर. साहेब खूश. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "गप्प बसलेला माणूस हो म्हणतोय, हे कुणी ठरवलं?" मी हसण्यावारी नेलं.

१४ मार्च, शुक्रवार
बोर्ड हिरवागार. एकही कार्ड अडलेलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. घरी वहिनीला सांगितलं. ती नर्स, आमची नवी आवृत्ती सगळ्यात आधी तिच्याच वॉर्डात जाते. म्हणाली, "मास्तरांनी एकही चूक काढली नाही? बरे आहेत ना ते?"

रुसले असतील, दुसरं काय! पण मग जेवण गेलं नाही.

१८ मार्च, मंगळवार
चहाच्या मशीनपाशी मास्तर भेटले. "हल्ली माझ्याकडे काहीच येत नाही गं. काम बंद आहे का?"

जागेवर येऊन टेम्प्लेट उघडलं. तपासणाऱ्याच्या नावाची जागा — रिकामी. मीच रिकामी ठेवली होती, प्रत्येक टीम आपापलं भरेल म्हणून. कुणीच भरलं नाही. मास्तरांना एकही निरोप गेला नाही. एकेचाळीस कार्डं कुणीही न बघता मंजूर! आणि आवृत्ती शुक्रवारी चारला आपोआप जायची आहे.

१९ मार्च, बुधवार
मास्तर सकाळपासून पंपासमोर. तिसऱ्याच कार्डाला सापडलं. वीज जाऊन परत आली, की पंप ताशी दहाच्या जागी चाळीस मिली औषध सोडतो. माणूस जाईल! "थांबव हे," मास्तर म्हणाले.

साहेब परवापर्यंत बाहेरगावी. फोन हातात घेतला. काय सांगू, माझ्याच टेम्प्लेटनं घात केला म्हणून? ठेवला. भित्री आहे मी, दुसरं काही नाही. त्यापेक्षा रीतसर करू. दुपारी दोनला बोर्डावर सगळ्यात वर लाल कार्ड लावलं — 'नवी आवृत्ती थांबवा.' तपासणीच्या रकान्यात, साहेबांच्या नावावर. हे कार्ड उघडं आहे तोवर काही बाहेर जात नाही. चला, सुटले.

२० मार्च
साहेबांचं उत्तर नाही. कार्ड जागेवर आहे. चारदा बघितलं.

२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळचे पाच.
लाल कार्ड दिसेना. शोधलं. 'झालं'मध्ये आहे, हिरवं. खाली एक ओळ: अठ्ठेचाळीस तास उत्तर नाही, मंजूर. आवृत्ती चारला गेली.

वहिनीला फोन लावतेय. उचलत नाहीये.