दिकास्तांपुढे आमची म्हैस

कार्ले, आषाढ वद्य पंचमी, सन १९३६

आंबी मुक्कामी ती. अंबाजीदादांस,

कार्ल्याहून दत्तोबा मास्तराचा कंबर वाकवून नमस्कार (सध्या सरळ उभं राहून करता येत नाही). तुमची प्रकृती, वहिनींचा खोकला आणि बैलाचा खूर आता बरे असतील. तुमची बहीण मजेत आहे, जरा जास्तच.

घडलं असं. आमच्या म्हशीनं शेजारच्या अंबूबाईची भाताची सगळी रोपं खाल्ली. बिचारी एकटी बाई, ऐन लावणीच्या तोंडावर हात रिकामे. पाटील म्हणाले, "मास्तर, मी मिटवतो." (त्यांचे अर्ज मीच लिहितो.) पण मी तेव्हा ग्रीसचा इतिहास वाचत होतो. जुन्या अथेन्सात शेकडो साधे नागरिक शपथ घेऊन स्वतःच निकाल देत. त्यांना म्हणत दिकास्त. गाव माझा मान राखणारच, या खात्रीनं मी म्हणालो, दिकास्तच बसवा. तिथं पाचशे एक बसत. कार्ल्यात म्हशी धरूनही तेवढे भरेनात, म्हणून आले तेवढे घेतले. बायकाही आल्या (अथेन्सात त्यांना बसू देत नसत, हे सांगायचा धीर झाला नाही).

नियम मात्र तिथलेच. भोक पाडलेल्या मडक्यातलं पाणी संपेपर्यंतच बोलायचं, मग प्रत्येकानं गुपचूप खडा टाकायचा. मी दोषी असलो तर हंड्यात, नसलो तर घागरीत. अंबूबाई उठली. "मास्तरांच्या म्हशीनं माजी रोपं खाल्ली. समद्यांनी बगितलं. आता मी लावू काय?" एवढं बोलून बसली, पाणी जवळजवळ तसंच. माझ्या पाळीला मडकं पुन्हा काठोकाठ भरलं. मी दिकास्त या शब्दापासूनच सुरुवात केली. तो 'दिके' म्हणजे न्याय, यावरून आला, इथवर पोचलो आणि पाणी संपलं. म्हशीचा विषय राहूनच गेला.

हंडा खणखणत राहिला. घागरीत एकच खडा, तो पाटलांचा असावा. शिक्षाही तिथल्याच रीतीनं. दोघांनी सुचवायची, दिकास्तांनी एक निवडायची. मी माफी सुचवली. अंबूबाईनं माझी रोपं मागितली, आणि लावणीला मी स्वतः. तेव्हापासून चिखलात वाकलेलाच आहे. पण खरं सांगतो, तिचं खाचर हिरवं होत चाललेलं पाहून बरं वाटतं.

आपला,
दत्तोबा

ता.क. आमचं खाचर मोकळंच आहे. तुमच्याकडे रोपं उरली असतील तर गाडीभर धाडावीत. पत्र एवढ्यासाठीच.

ता.क. दादा, पत्र टाकायला माझ्याकडं दिलं, म्हणून मी शालू चार वळी लिवते. हंड्यात पयला खडा माजाच, पर यांना सांगू नगो. रोपं धाड, पर दोन दिस उशिरानं, अंबूबाईची लावणी सरली की आमची सुरू व्हईल. लावणीवरून आलं की हे जेवून गप निजत्यात. अजून एकदाबी ग्रीस निघालं न्हाई.